पत्ते वाटणारा दुसरा डबा

ब्रांतास नदीकाठच्या त्या वस्तीत चारचौघांत आवाज चढवला की चढवणाऱ्याचीच लाज जाते. सुहार्तीला तर नाकाच्या शेंड्यावर राग. मग ती करणार काय? कामाला लागायची. दूरच्या बाताम बेटावरच्या कारखान्यात सर्किटं जोडून ती परत आली तेव्हा वस्तीत इंटरनेट नव्हतं. तिने एक मोठी लाईन घेतली आणि कुणाच्या पत्र्यावरून, कुणाच्या आंब्यावरून, गल्लीतल्या खांबांवरून वायर ओढत ती घरोघर पोचवली.

आणि आज, नेमकं आज, सगळं ठप्प.

आज रविवार. गटारं उपसायला सगळी वस्ती जमली होती. काम झाल्यावर चटईवर चहा आणि तळलेली केळी, आणि तिथेच वस्तीप्रमुख सुगियार्तो सगळ्यांना विचारणार होते, की सुहार्तीच्या वायरी उतरवून खांब बाहेरच्या कंपनीला द्यायचे का.

"फोनवर रेघा भरून दिसतात, म्बाक, पण आत काहीच येत नाही," सोटो, म्हणजे मसालेदार सूप, विकणारी तुमिनाह म्हणाली. इथे ताईला म्बाक म्हणतात, वडीलधाऱ्याला बापाक. "लग्नाचं आवताण आलं आणि मांडवात चूलच पेटली नाही, तसं झालंय."

बाकीचे नुसते हसले. त्या हसण्याने सुहार्तीच्या कानशिलं तापली.

तिने तुमिनाहचा फोन घेतला. त्याला मिळालेला जाळ्यावरचा पत्ता तिच्या यंत्राने दिलेला नव्हताच. शेजारच्या फोनचाही नव्हता. तिथेच तिच्या ध्यानात आलं. जाळ्यात नवा आलेला फोन आधी सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो, मी आलोय, मला पत्ता द्या, आणि बाहेरचा दरवाजा कुठला ते सांगा. जो पहिला उत्तर देईल त्याच्यावर तो डोळे मिटून विश्वास ठेवतो. तू कोण, हे विचारत नाही. म्हणजे वस्तीत कुठेतरी पत्ते वाटणारा दुसरा डबा, दुसरा राउटर, बसला होता. तो तिच्या डब्याच्या आधी उत्तर देत होता, आणि त्याने दाखवलेल्या दरवाजामागे भिंत होती.

ती एकेका गल्लीची वायर काढत निघाली. मशिदीमागची गल्ली काढली आणि बाकीचे फोन जागे झाले. त्या गल्लीत नवा डबा घेण्याची हौस एकालाच होती.

सुगियार्तोंच्या ओसरीवर, कवड्याच्या पिंजऱ्याखाली, पांढराशुभ्र डबा. वायर भलत्याच भोकात.

याच ओसरीवर तिने त्यांना सांगितलं होतं, की नवा डबा आणला तर जोडण्याआधी मला बोलवा. त्यांनी मान हलवली होती. इथली मान म्हणजे ऐकलं, एवढंच. तोंडावर नाही म्हणणं वाईट दिसतं. यंत्रांचंही तसंच असतं. निरोप पोचला की पोचपावती येते, पण पुढे काय होईल ते पावतीत नसतं. हे कारखान्यात शिकलेली बाई, आणि तिने मानेला वचन समजावं? शिवाय असल्या उपऱ्या डब्यांना गप्प करायचं कुलूप तिच्याच यंत्रात होतं. ते लावायला जाळं थोडा वेळ बंद करावं लागलं असतं. लोक कुरकुरतील म्हणून तिने ते ढकलत नेलं होतं. स्वतःवरचा तो रागही आता याच रागात मिसळला.

तिने डबा उपटला आणि चटईवर, केळ्यांच्या ताटाशेजारी आपटला. चहाचे पेले हलले.

"बापाक, वस्तीचं इंटरनेट तुमच्या ओसरीवर अडकलं होतं. आणि तुम्ही माझे खांब द्यायला निघालात."

कुणी वर पाहिलं नाही. सुगियार्तो मवाळपणे हसले. "चुकून झालं असेल, म्बाक. एवढं काय त्यात. पुढच्या वेळी बघू."

"'बघू' नको. काय करणार ते तोंडाने सांगा. सगळ्यांनी. मान नकोय मला."

ती आजवर एवढ्या मोठ्याने कधी बोलली नव्हती. नदीवरची पोरंसुद्धा थांबली. मग तुमिनाहने पेला खाली ठेवला.

"नवा डबा आणला, तर जोडण्याआधी सुहार्तीला बोलवीन. आणि खांब तिच्याकडेच राहू देत."

तिच्या शेजारचा तेच बोलला, मग त्याच्या पलीकडची. कुणी पुटपुटलं, कुणी ताटाकडे बघत बोललं, पण बोललं. खांबांचं विचारायचं कारणच उरलं नाही.

पाळी सुगियार्तोंपाशी आली. त्यांनी मान हलवली.

मशिदीमागच्या त्यांच्या गल्लीची वायर अजून सुटलेलीच होती. सुहार्ती चटईवर बसली, समोरचं केळं उचललं आणि खात खात त्यांच्याकडे बघत राहिली.