विकलेला कढीपत्ता

आम्ही दोघी दुबईत, करामा भागातल्या एकाच बिल्डिंगमध्ये राहतो, ती चौथ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. ती अलिबागकडची बेने इस्रायल, म्हणजे घरात मराठी बोलणारी ज्यू. तिचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. दुबईत मात्र ती वर्षानुवर्षं कोणाला आपला धर्म सांगत नसे. ऑफिसात तिला ख्रिश्चन समजत. खरं काय ते फक्त मला माहीत होतं. तिच्याकडे मलिदा, म्हणजे त्यांचा गोड पोह्यांचा नैवेद्य, असला की पोहे भिजवायला आणि नारळ खोवायला मीच, आणि या गोष्टीचा मला भारी तोरा होता.

मग इस्रायलची विमानं थेट दुबईत उतरू लागली आणि तिचे लोक एकदम उजेडात आले. शुक्रवारची जेवणं, नवे ग्रुप, नव्या मैत्रिणी. त्या वर्षी मलिद्याला नारळ खोवायला तीन बायका आधीच हजर होत्या. मला खुर्ची दिली, वर सरबत. माझा जळफळाट झाला, दुसरा शब्द नाही. तिच्या फोटोंना लाईक करणंसुद्धा मी बंद केलं.

"तू पण चल ना गं," म्हणून एका शुक्रवारी ती मला जेवायला घेऊन गेली. त्यांचं सातवं वर्ष चालू होतं. सहा वर्षं जमीन कसायची आणि सातव्या वर्षी इस्रायलमधली जमीन पडीक ठेवायची, असा त्यांचा नियम. मग तिथल्या लोकांनी खायचं काय, यावर टेबलावरच्या दोन रब्बींची, म्हणजे धर्मगुरूंची, जुंपली. तरुण रब्बी म्हणाले, जमीन वर्षापुरती परधर्मीयाला विकायची, की पीक घ्यायला हरकत नाही. घेणारा मूर्तिपूजक नसला म्हणजे झालं. म्हातारे रब्बी तावातावानं म्हणाले, विकणाऱ्यालाही ठाऊक असतं की जमीन आपलीच, मग ती विक्री कसली, ते तर नाटक. दोघं एकमेकांवर जुन्या ग्रंथांतले दाखले फेकत होते आणि मध्येच एकमेकांना सॅलड वाढत होते. मैत्रीण भान हरपून ऐकत होती. माझ्याकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. मी एकच वाक्य घेऊन घरी आले: मूर्तिपूजक नसावा.

पुढच्या आठवड्यात कढीला फोडणी द्यायची होती. नेहमीसारखी वर गेले, सरळ तिच्या बाल्कनीत, आणि कुंडीतल्या कढीपत्त्याला हात घातला.

"थांब, थांब. विचारावं लागेल."

"कोणाला?"

"नाथूरला. ॲक्च्युअली आता त्याचा आहे तो. विकलाय मी."

नाथूर म्हणजे इकडच्या बोलीत वॉचमन; आमच्या बिल्डिंगचा पेशावरकडचा मुसलमान माणूस. नावाला एक दिरहॅम घेऊन तिनं त्याला वर्षभरासाठी सगळ्या कुंड्या विकल्या होत्या. करामातल्या कुंड्यांना हा नियम लागतच नाही, असं दोन्ही रब्बींनी तिला सांगितलं होतं. तेवढ्या बाबतीत त्यांचं एकमत होतं. तरी तिला पाळायचं होतं.

माझं डोकंच फिरलं. ती भारतात गेली की त्या कुंड्यांना पाणी घालणार मी, आणि मालक कोण, तर नाथूर.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "माझ्याकडे गणपती बसतो ना. मी कशी चालणार?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "गणपती कुठून आला मध्येच? तुझ्याकडचे मोदक कोण वळतं? अगं, तुला विकलं असतं तर ते विकणं झालं असतं का? उद्या पोह्यांना मी न विचारता पानं तोडली असती, आणि तू हूं की चूं केलं नसतंस. ते म्हातारे रब्बी तेच तर सांगत होते. खोटं खोटं विकून चालत नाही. म्हणून नाथूर."

मी फुगून उभी. तिनं स्पीकरवर फोन लावला.

"भाईसाब, आप के पौधे से थोडे पत्ते ले लूँ?"

"अरे मॅडम, पूछना क्या, आप ही का है."

"नहीं, मेरा नहीं है. प्लीज, आप हाँ बोलिए."

"हाँ मॅडम, लीजिए."

"शुक्रिया भाईसाब, मेहरबानी."

इतक्या अदबीनं ती माझ्याशी आजवर एकदाही बोललेली नाही. फोन ठेवला आणि माझ्यावर खेकसली, "बघत काय बसलीयेस? तोड की."

म्हटलं, राहू दे नाथूरच मालक.