धावू नको, बाय

कर्नाळ्याच्या उतारावर माझा पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते. रोज सकाळी सुकापूरहून खांदा कॉलनीपर्यंत पायी जाऊन येणारी बाई मी, एकदम खुर्चीला खिळले. नवरा साडेआठला ऑफिसला गेला की घरात मी, पंखा आणि स्टुलावर टाकलेला पाय. टीव्ही लावायचा, बंद करायचा. पुस्तक उघडायचं, दोन पानांत मिटायचं. समोरच्या इमारतीत कोण किती वाजता कपडे वाळत घालतं, तेसुद्धा पाठ झालं.

मुलगी बेंगळुरूला असते. ती दोन दिवस भेटायला आली आणि माझी तगमग बघून तिने तिचा जुना लॅपटॉप माझ्या पुढ्यात ठेवला.

"आई, हा ऑनलाइन खेळ आहे. जग संपलंय, मोजकी माणसं उरलीयेत. आपण तगून राहायचं, एवढंच. इथे चालता येत नाही ना, मग तिथे चाल."

कुठलं बटण दाबलं की चालायचं, कुठलं दाबलं की वाकायचं आणि धावायचं, हे तिने शिकवलं आणि ती गेली. पहिल्याच दुपारी मी पाच वेळा मेले. एकदा तहानेने. एकदा गटाराचं पाणी पिऊन. उरलेल्या तिन्ही वेळा धावल्यामुळे. त्या ओसाड रस्त्यांवर आजारानं सडलेली, अर्धमेली माणसं भटकत असतात आणि पावलांचा आवाज ऐकून अंगावर येतात. मला ते कळत होतं. पण इतक्या दिवसांनी धावायला मिळालं होतं, आणि बोट बटणावरून उठत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हेडफोनमध्ये एका बाईचा आवाज आला.

"ए बाय, धावतेस कशाला? वाकून चाल!"

मी दचकले. ही दुसरी कुणी खेळाडू होती, मागच्या झुडपात लपलेली. तिने मला एका पडक्या शाळेत नेलं आणि बजावलं, "पयलं पानी बग, तेही उकलून पी. मंग खानं. मंग डोक्यावर छप्पर. बंदुकीच्या मागं लागू नको, नवीन मानसं तिथंच मरतात. आनि सगलं सामान एका जागी ठेवायचं नाय."

बोलण्यावरून ती आमच्याच भागातली वाटली. विचारलं, तर उरणच्या बाजूच्या एका गावातली निघाली. सासऱ्यांची मिठागरं होती, आता नवरा बांधकामात. हा खेळ तिला दिराने शिकवला होता. दीर कंटाळून सोडून गेला, ती टिकली. घरात अंथरुणाला खिळलेली सासू. दोन वाजता तिचा डोळा लागला की ही लॅपटॉप उघडायची. मी चौपन्न वर्षांची आहे म्हटल्यावर ती "तुमी" म्हणायला लागली, पण "बाय" काही सुटलं नाही.

रोज दोन ते चार आम्ही भेटू लागलो. टेकडीच्या कडेला तिने बांधलेलं लाकडी घर होतं, त्यात तिने मला जागा दिली. मी फाटक्या शर्टाच्या पट्ट्या करून जखम बांधायला शिकले, जमिनीत डबा पुरायला शिकले. एका जागी बसायला मात्र शिकले नाही.

एकदा ती म्हणाली, "आज भायेर नाय जायाचं. खाली टोली उतरलीय. ती लोकं सामानासाटी मारतात."

"किती वेळ?"

"जाईपरयंत."

मी दहा मिनिटं बसले असेन. प्लास्टरच्या आत खाज सुटली होती, बाहेर उन्हात कुणाची तरी गाडी रिव्हर्स घेताना पीं पीं करत होती. मी त्या लाकडी घराचं दार उघडलं आणि उताराला लागले. पेट्रोल पंपापाशी त्या तिघांनी मला घेरलं. मी तिला हाका मारत सुटले. ती होतं नव्हतं ते सगळं पाठीवर घेऊन आली, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, मला पळायला वाट करून दिली आणि स्वतः मेली. औषधं, बंदूक, कित्येक महिन्यांची जमवाजमव त्यांनी लुटली.

"थांबा, सासू…" एवढंच हेडफोनमध्ये ऐकू आलं आणि तिचा आवाज तुटला.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. माझ्याकडे तिचा फोन नंबर नव्हता. ती रागावली, असंच मी धरून चालले. त्या खेळात घराला रोज लाकूड घालावं लागतं, नाहीतर ते कुजून पडतं. म्हणून मी लाकडं तोडून आणायचे, घालायचे आणि दाराशी पहारा करायचे. खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या, पुन्हा फेऱ्या. नवरा म्हणाला, "अगं, खेळ आहे तो." मी त्याच्यावर उगाच खेकसले.

आठव्या दिवशी आवाज आला. "घर हाय अजून?"

"आहे. तू रागावलीस ना?"

"राग कसला? त्या दिवशी सासू हाका मारत होती. माज्या कानात हे घातलेलं, मला आयकूच नाय आलं. ती उठायला गेली नि पडली. हास्पिटलात होतो. हाड नाय मोडलं, नशीब."

त्या दुपारी मी दहा मिनिटं जास्त बसले असते, तर माझ्या हाकांत आणि गोळ्यांच्या आवाजात सासूची हाक बुडाली नसती.

"माझ्यामुळे झालं," मी म्हटलं.

"तुमी ढकललंत काय तिला? कान माजे, हेडफोन माजा. आता एकच कान घालते. दुसरा घरात."

पुढच्या आठवड्यात माझं प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, चाला. मी सकाळी कॉलनीत काठी टेकत चालते, पण दोन वाजता खुर्चीत येऊन बसते. कधीकधी तिच्या माइकमधून मागच्या खोलीतली हाक मला आधी ऐकू येते आणि मी म्हणते, "सासूबाई बोलावतायत, जा." ती जाते. तिचा खेळातला माणूस होता तिथेच, रस्त्याच्या मधोमध उभा राहतो. मग मी त्याच्या शेजारी उभी राहते. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. पाय शिवशिवतात, बोट बटणाकडे जातं. मी हात मांडीखाली दाबून धरते.