कृपादृष्टी असावी

चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या आमच्या गावात सातवीची फायनल पास झालेली बाईमाणूस मी एकटीच. त्याचा मला भारी तोरा होता. स्वातंत्र्य मिळून दहा-एक वर्षं झाली असतील. माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणायचो. खळ्यावर धान चुरताना तिच्या उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. चार दिवसांत डोळा लालभडक झाला, पाणी थांबेना. कोणी मध घातला, कोणी बाळंतिणीचं दूध. ठणका वाढतच गेला.

नागपुरात डोळ्यांचा एक मोठा डॉक्टर आहे, असं आमच्या वडिलांना, बाबूजींना, बाजारात कळलं. पण बाबूजी म्हणाले, "ना वळख ना पाळख, त्याच्या दारात कसं जाऊन उभं राहाचं? पयले चिठ्ठी लिव. बलावलं का जाऊ."

मी पोस्टकार्ड घेऊन बसले. मोठ्या माणसाला एकदम काही मागू नये, असं आमच्या गुरुजींनी शिकवलेलं. म्हणून आधी चरणी शिरसाष्टांग नमस्कार. मग इकडील सर्व मंडळी आपल्या आशीर्वादाने खुशाल आहेत, आपली खुशाली कळवावी. मग त्यांची कीर्ती आमच्या खेड्यापर्यंत कशी पोचली, ते सहा ओळी. कार्ड भरत आलं तेव्हा लिहिलं, 'आमच्या थोरल्या भगिनीवर आपली कृपादृष्टी असावी.' डोळ्याच्या डॉक्टराला दृष्टी हा शब्द! मी स्वतःवरच अशी खूश झाले की विचारू नका. बाबूजींना वाचून दाखवलं. त्यांनीही मान डोलावली.

बाई रोज ओसरीवर बसून पोस्टमनची वाट बघायची. डोळ्यावर फडकं, हातात सूप, पण पाखडणं काही होत नसे. "काऊन वं, आला नाही का तो?" हेच दिवसभर. बारा दिवसांनी कार्ड आलं.

'आपण सर्व खुशाल आहात हे वाचून आनंद झाला. ओळख लागली नाही, क्षमस्व. आपल्या भगिनीस अनेक आशीर्वाद.'

मी ते तीनदा वाचलं. आशीर्वाद? अन् डोळा? मग माझं मलाच उमगलं. अख्ख्या पत्रात डोळा हा शब्दच नव्हता. अगं भवाने, बाराखडी तरी कशाला शिकलीस?

बाई विचारत होती, "कई बलावलं? कोन्त्या दिवशी जाचं?"

त्याच दुपारी दुसरं कार्ड लिहिलं. 'माझ्या बहिणीच्या उजव्या डोळ्यात धानाचे कुसळ गेले. अठरा दिवस झाले. आता दिसत नाही. केव्हा आणू?' बस. नमस्कारसुद्धा शेवटी आठवला. पाचव्या दिवशी उत्तर आलं, 'ताबडतोब आणा.' तिरोड्याहून नागपूरची मिळेल ती गाडी पकडली.

डॉक्टरांनी पापणी वर केली आणि लगेच सोडली. "बुबुळावर फूल पडलंय. हा डोळा गेला. इतके दिवस करत काय होतात?"

"तुमच्या चिठ्ठीची वाट पाहून राहिलो होतो," बाबूजी म्हणाले.

"चिठ्ठीची? अहो, हा दवाखाना आहे! इथे यायला कोणाला विचारावं लागतं का? पहिल्याच दिवशी सरळ यायचं होतं!"

म्हणजे पत्र लागतच नव्हतं. एकही नाही. तेवढ्यात डॉक्टरांना ते खुशालीचं कार्ड आठवलं. त्यांनी विचारलं, "ते पहिलं पत्र लिहिलं तरी कोणी?" मी मान खाली घातली.

बाईनं माझा हात धरला. "तिले बोलू नोका, डाक्टरसाहेब," ती म्हणाली, "लय मन लावून लिवलं होतं पोरीनं."

मी तिथंच फरशीवर बसले आणि हंबरडा फोडला.