घरचं रक्त

आमच्या जिन्याखाली टेबल टाकून मावशींनी सत्तावीस वर्षं लोकांचे कपडे इस्त्री केले. कॉलर आधी, मग बाह्या, पाठ शेवटी. चार पोरं त्या टेबलाखालीच रांगली. घरच्यांपुढे मावशींना जग फिकं. दुखणं-खुपणं निघालं की म्हणायच्या, "आपलं ते आपलं. परक्याचा काय भरवसा?"

त्यांचे यजमान गॅरेजात मेकॅनिक. एका सकाळी त्यांच्या पोटातला व्रण फुटला आणि रक्ताची उलटी झाली. ऑपरेशन ठरलं, रक्त हवं होतं. रक्तपेढीत बाटली तयार होती, पण मावशी अडून बसल्या. "परक्याचं नको. माझा गट तोच आहे, माझं घ्या." आम्ही सगळ्या शेजाऱ्यांनी मान डोलावली. बायकोच्या रक्ताला नाही कोण म्हणणार?

ऑपरेशन नीट झालं. दुपारी मावशींची बाटली चढायला लागली, तेव्हा यजमान हसून म्हणाले, "झालं! आता मीही तुझ्यासारखा भांडायला लागणार."

"लागा की. जोडीला कुणीतरी हवंच होतं."

तासाभरात त्यांना धाप लागली. ओठ निळे पडले, तोंडाला गुलाबी फेस आला. छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसं पांढरी. तिसऱ्या दिवशी ते गेले.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मावशींना जवळ बसवून सांगितलं. गरोदरपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. त्यातलं बापाकडून आलेलं आईच्या शरीराला परकं वाटतं, आणि ते त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. आईला त्यांचा त्रास नसतो. पण तीच नवऱ्याच्या अंगात गेली, त्याच्या पांढऱ्या पेशींना चिकटली. रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं त्यांच्या मदतीला धावली. त्या चवताळलेल्या पेशी फुप्फुसात अडकल्या, त्यांनी तिथल्या बारीक रक्तनळ्या फाडल्या, आणि आत पाणी झिरपलं.

"गट जुळला होता. क्वचितच होतं असं. तुमची चूक नाही, मावशी."

मावशींनी एवढंच विचारलं, "चार पोरं त्यांचीच ना? मग ते परके कसे?"



पुढे वर्षभर मावशी टेबलाशी उभ्या राहायच्या, पण लक्ष नसायचं. इस्त्री एकाच जागी राहून दोन सदरे जळले. गिऱ्हाइकांनी ते तसेच घडी घालून नेले.

मग धाकट्या लेकीचं बाळंतपण आलं. बाळ सुखरूप, पण लेकीचं रक्त थांबेना. नर्स बाहेर येऊन विचारू लागली, घरचं कोण देतंय? थोरला लेक बाही दुमडत उठला. मावशींनी त्याचा हात धरला आणि बाही खाली ओढली, मनगटापर्यंत, बटणसुद्धा लावलं.

"आई, अगं माझं चालेल! डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पुरुषाच्या रक्तात गरोदरपणाची ती प्रतिपिंडं नसतात."

"बस खाली." मग नर्सकडे वळून, हात जोडून म्हणाल्या, "बाई, घरचं नको. कुणातरी परक्याचं द्या."

रक्तपेढीतली बाटली आली. मावशी लेकीच्या खाटेशी उभ्या राहिल्या, तिच्या छातीवर नजर लावून. श्वास वर, श्वास खाली. नर्सने बाळाला कुशीत घ्या म्हटलं, तर मावशींनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "माझं अंगही लागायला नको त्याला."