समदी आली का?

युसूफ वडगाव या गावच्या अंगणवाडीत वनमाला मदतनीस आहे. सुट्टी झाली की ती पोरं मोजते, दारात पुन्हा मोजते, आणि घराकडं निघाली तरी कोपऱ्यावरून माघारी येऊन खोलीत एकदा डोकावतेच. सेविकाबाई हसतात. हसू द्या बापड्यांना, त्यांना काय ठाऊक!

परवा रविवारी दुपारी कॉलेजातून आलेल्या लेकीनं, स्वप्नालीनं, मोबाइल तांब्याला टेकवून पिक्चर लावला. आई, तुझ्या लहानपणच्या काळातला आहे, म्हणाली. शेजारी वनमालाची म्हातारी आई केशरबाईही येऊन बसली.

आणि खरंच की! कॅसेटची गुंतलेली फीत, पत्र्यावर चढून अँटेना फिरवणारा बाप, दांडीखालून पाय घालून सायकल हाणणारी पोरं. धरणाजवळ एक उजेड पडतो नि त्यांची मैत्रीण गायब होते. मग रेडिओच्या खरखरीत तिचा आवाज येतो. पोरांनी कामं तर अशी केली होती की वनमाला भाजी निवडायची विसरली. अरं तिकडं काहून जाताव, टेकडीमागं बघा, असं त्यांनाच सांगायला लागली. लई दिवसांनी ती अशी खळखळून हसली.

तीन वर्षांनी ती मैत्रीण परत येते. तेवढीच, त्याच फ्रॉकात. तिच्या लेखी घटकाभरच गेली होती. तिथं वनमालाचं हसू आटलं.

वनमाला नऊ वर्षांची होती तेव्हा मायबाप ऊसतोडीला जायचे. एक फड संपला की टोळी झुंजूमुंजूलाच गाड्या जुंपायची. झोपलेली पोरं उचलून जिथं जागा असेल त्या गाडीत टाकायची. आपलं पोर आपल्याच गाडीत, असा काही नेम नव्हता. मग मुकादम हरिबा ओरडून विचारायचा, पोरं समदी आली का? त्या दिवशी वनमाला गोधडीतूनच बोलली, आली.

तिची धाकटी बहीण, चार वर्षांची छबू, मागं फडावरच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीतच, झोपलेली राहिली होती. दिवस वर आल्यावर कळलं. थोरली आली म्हणाली म्हणजे पोर वाटेत उतरली असणार, असं धरून बापानं आधी सगळा रस्ता पालथा घातला. कोपीपाशी पोचला तेव्हा दिवस मावळला होता, नि कोपी रिकामी होती. आठ दिवस हुडकलं, चौकीत नाव दिलं. मग कोयते पुन्हा चालू झाले. पोटाला कुठं काय कळतं?

छत्तीस वर्षं वनमालाच्या काळजात ही गाठ होती. न बघता आपण आली म्हणालो, हे तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. आता मात्र तिला राहवेना. स्वप्नालीला तिनं पिक्चर थांबवायला लावला.

"माय, त्या दिशी मी बघितलंच न्हवतं. तशीच म्हणलेते, आली."

केशरबाईनं मान वळवली नाही. थांबलेल्या चित्रातल्या त्या पोरीकडं ती बघत राहिली.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "तू तर झोपंत होतीस, बाई. मी जागी होते. मी तरी कुठं बघितलं?"

वनमालानं तिचा हात धरला. दोघी रडल्या, लपवायचं काही उरलं नव्हतं. मग म्हातारीनं डोळे पुसले आणि ती पोर परत येते तेवढंच फिरून लाव म्हणून नातीला सांगितलं.