किती रेघा दिसतात?

यज्ञेश्वरची आणि माझी पहिली भेट म्हणजे टक्कर होती. हायवेवर दोन ट्रक समोरासमोर भिडतात त्याला पेपरवाले अपघात म्हणतात. आमचं प्रकरण त्याहून थोडं मोठं होतं. साल अठ्ठ्याण्णव. मी तापानं फणफणत महाडच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात गेलो होतो. व्हरांड्यात समोरून पांढऱ्या कोटातला एक धिप्पाड माणूस आला. मी डावीकडे सरकलो. तो माझ्या अंगावरून पुढे गेला. माझी छत्री एका खाटेखाली, एक चप्पल चवथ्या खोलीत आणि दुसरी बहुधा पोलादपूरच्या गाडीत बसून निघून गेली, कारण ती आजवर सापडलेली नाही. मी फरशीवरून मान वर करून पाहतो तर हा सद्गृहस्थ वाकून, हात जोडून क्षमा मागतोय. माझी नव्हे, माझ्या शेजारच्या सलाइनच्या स्टँडची.

"माफ करा हं. लागलं नाही ना कुठे?"

स्टँड काही बोलला नाही.

"मोठ्या मनाचे आहात," असं त्याला सांगून यज्ञेश्वर आपल्या प्रयोगशाळेत शिरला. पाचच मिनिटांत त्याच्यासमोर माझं बोट होतं. त्यातून त्यानं एवढं रक्त काढलं की एखाद्या डासाच्या सात पिढ्यांनी बसून खाल्लं असतं. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून दहा सेकंदांत म्हणाला, "मलेरिया. अभिनंदन." निदान अचूक होतं. त्याची नजर म्हणजे नजर, असं सगळा दवाखाना सांगायचा. काचेवरचा एकुलता एक जंतूही त्याच्या तावडीतून सुटत नसे.

गावानं मात्र त्याचं नाव नवाब ठेवलं होतं. बाजारात तुम्ही त्याच्या बाजूनं हात हलवा, हाक मारा, तो सरळ समोर बघत चालणार. शाळेत एका बाकावर बसलेला मित्रसुद्धा त्यानं असाच ओलांडला होता. "पगार किती, ऐट किती!" असं लोक म्हणायचे. संध्याकाळी तो बायकोबरोबर, म्हणजे चारुलतावहिनींबरोबर, फिरायला निघायचा. वहिनी त्याचा कोपर घट्ट धरून चालायच्या. लग्नाला वीस वर्षं होऊन गेलेली. तेव्हा ज्यांच्या बायका चार पावलं मागून चालायच्या ते आम्ही सगळे नवरे त्याच्यावर मनापासून जळायचो. त्या कोपरावर मी एकदा स्नेहसंमेलनात दहा मिनिटांचं विनोदी भाषण केलं होतं. हशा दणकून आला. पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या, त्याही हसल्या.

खरी गोष्ट अशी होती की त्यांनी हात सोडला असता तर तो गटारात गेला असता.

दोन हजार एकमध्ये गावात डोळ्यांचं शिबिर झालं. तिथे मुंबईच्या डॉक्टरांनी यज्ञेश्वरला बाजूला घेऊन सांगितलं, काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढून आतली नस मरत चाललीय. कडेचं दिसणं गेलंय, उरलंय ते मधलं. रोज थेंब घाला, आयुष्यभर, आणि ऑपरेशनला या. यानं घरी येऊन बायकोला सांगितलं, "मोतीबिंदू आहे. अजून पिकायचाय."

आमच्या भागात यावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. मोतीबिंदू हा आंब्यासारखा असतो, कच्चा उतरवायचा नसतो, हे सगळ्यांना ठाऊक. वहिनी दर महिन्याला विचारायच्या, "पिकला का हो?" तो म्हणायचा, "अजून पाडाला नाही लागला." थेंब त्यानं सहा महिने घातले. पण त्या थेंबांनी जास्त दिसायला लागत नाही, फक्त आणखी जायचं थांबतं. ज्या औषधानं काहीच घडत नाही, त्यावर कुणाचा विश्वास बसणार? बाटली देव्हाऱ्याशेजारी वाळून गेली. सूक्ष्मदर्शकात तर त्याला छानच दिसायचं. त्याचं जगच आता तेवढं गोल उरलं होतं, आणि सूक्ष्मदर्शकात जग तेवढंच असतं.

दोन हजार पाच संपता संपता दवाखान्यात गरोदर बायकांची एचआयव्ही तपासणी सुरू झाली. रक्ताचा थेंब किटच्या पट्टीवर टाकायचा. एक रेघ उमटते, ती सगळ्यांचीच उमटते. तिच्याशेजारी दुसरी उमटली तर आजार. मग आणखी दोन किटवर खात्री करायची, आणि बाईला कळा सुरू झाल्या की एक गोळी, जन्मल्यावर बाळाला औषधाचे थेंब. एवढ्यानं पुष्कळ बाळं वाचतात. दुसरी रेघ कधीकधी फार फिकी असते, पांढऱ्या पट्टीवर फिका गुलाबी रंग. आणि यज्ञेश्वरला नेमकं फिकं दिसेनासं झालं होतं.

हे सांगितलं तर नोकरी जाणार. लपवलं तर रिपोर्ट चुकणार. त्यावर त्यानं एक युक्ती काढली. पट्टी खिडकीपाशी धरून तो ज्या बाईचं रक्त तिलाच विचारायचा, "काय गो, किती रेघा दिसतात?" खेळीमेळीनं, जत्रेतल्या जादूगारासारखं. दोन रेघा म्हणजे काय, हे बायकांना माहीत नसे.

"येक हाय, भाऊ."

"नीट बघ. मागाहून म्हणशील भाऊनं फसवलं."

"येकच. तुमच्या डोक्यावरच्या केसावानी!"

बायका खिदळायच्या. टोचलेलं विसरायच्या. मी शिकवायचो त्या शाळेतली एक बाई घरी येऊन म्हणाली, रक्तवाले भाऊ किती प्रेमळ! एकदा एकीनं दोन सांगितल्या. यानं नियमानं पुढच्या तपासण्या डॉक्टरांसमोर केल्या, तिला गोळी मिळाली, बाळ चांगलं निघालं. युक्ती चालत होती. तिच्यात हीच मोठी खोट होती.

पुढच्या वर्षीच्या श्रावणात कापडे गावाहून ललिता आली. आठवा महिना. बरोबर सासू, मंजुळाबाई. ललिताचा नवरा मुंबईला कँटीनमध्ये होता, तो चैत्रात वारला. टीबीनं, असं गावात सांगितलेलं. पोटातलं बाळ हीच आता मंजुळाबाईंच्या लेकाची खूण. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"काय बघायचाय ता बेगीन बघा भाऊ. दोनची गाडी चुकंल."

"झालंच, मावशी. ललिता, किती रेघा दिसतात गो?"

ललितानं पट्टीकडे बघितलं. मग यज्ञेश्वरकडे. मग दाराकडे.

"येक हाय."

"एकच ना?"

"व्हय भाऊ. येकच."

त्यानं रजिस्टरात निगेटिव्ह लिहिलं. दोनची गाडी त्यांना मिळाली.

मुलगी झाली, ती याच दवाखान्यात. मंजुळाबाईंनी व्हरांड्यात साखर वाटली; नाक बापाचं आहे असं प्रत्येकाला दाखवलं. गोळीचा, थेंबांचा प्रश्नच आला नाही. ललितानं मुलीला अंगावर पाजलं.

दहा महिन्यांनी ती मुलीला घेऊन परत आली. पोरीचं वजन साडेचार किलो. तोंडात पांढरा थर, खोकला थांबत नव्हता. दवाखान्याच्या डॉक्टर देवश्रींनी मायलेकींचं रक्त काढायला लावलं आणि या वेळी त्या स्वतः टेबलाशी उभ्या राहिल्या. आईच्या पट्टीवर दोन रेघा आल्या, चांगल्या ठळक. डॉक्टरांनी जुनं रजिस्टर काढलं, यज्ञेश्वरचं अक्षर पाहिलं आणि सुस्कारा टाकून म्हणाल्या, "लागण नवी असेल तर तपासणीत येत नाही कधीकधी. तुमची काही चूक नाही, यज्ञेश्वर."

गोष्ट इथे संपवता आली असती. डॉक्टरांनीच दार उघडून दिलं होतं. यज्ञेश्वर त्यातून बाहेर पडला आणि व्हरांड्यातल्या बाकाशी गेला. ललिता मुलीला मांडीवर थोपटत होती. तो तिच्यापुढे उकिडवा बसला.

"गेल्या वर्षी किती रेघा होत्या गो?"

"दोन."

"मग एक का म्हणालीस?"

"दोन म्हंजे काय ते मला ठावं व्हतं. ह्यांची पट्टी मी मुंबईला बघितली व्हती. सासू दारात हुबी. दोन म्हनले असते तर तिनं मला घरात घेतली असती का?"

"अगं, पण मला..."

"मला वाटलं, तुमी बघितलंव, भाऊ." ती त्याच्याकडे नीट बघत म्हणाली, "बघितलंव, न् मला सांभाळून घ्यायसाठी मुद्दाम इचारताव. म्हनलं, भला मानूस हाय, झाकतोय."

तिनं मुलीला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"बाळासाठी गोळी आसती ते कुनी सांगितलंच नाय. तुमाला म्हाईत व्हतं ना?"

"होतं."

"मग तुमी का नाय बोललाव?"

याचं उत्तर त्यानं तिला दिलं, आणि नंतर ते मलाही सांगितलं. उत्तर तीन शब्दांचं होतं. मला दिसलं नाही.

मग तो डॉक्टरांकडे गेला. त्यांना आधी ते पटेना. त्यांनी आपला हात त्याच्या कानाच्या बाजूला धरला आणि विचारलं, "किती बोटं?"

"हात कुठे आहे?" यज्ञेश्वरनं विचारलं.

डॉक्टरांनी रजिस्टर पुढ्यात ओढलं. त्याच्या तपासणीतल्या सगळ्या बायकांना दवाखान्यानं काही ना काही निमित्त काढून परत बोलावलं. दोनशे बारा जणी. चौघी मुंबई-पुण्याला निघून गेल्या होत्या, बाकीच्या आल्या. पंधरा दिवस यज्ञेश्वर घरी भिंतीला टेकून बसून होता. मी रोज जायचो. नवाबावरचे माझे सगळे विनोद त्याला पाठ होते. एकदा त्यानंच मला एक ऐकवला, आणि मला हसता आलं नाही. आलेल्या सगळ्या बायकांचे रिपोर्ट जुन्या रिपोर्टशी जुळले. खोटं बोलण्याची गरज एकटीलाच पडली होती.

वहिनींना काचबिंदू हा शब्द त्या पंधरवड्यात कळला. त्या चिडल्या नाहीत. देव्हाऱ्याशेजारची वाळलेली बाटली उचलून त्यांनी केरात टाकली आणि म्हणाल्या, "सहा वर्षं मी शेजारणींना सांगत होते, पिकला की काढू."

मुंबईच्या डोळ्यांच्या इस्पितळात यज्ञेश्वरच्या उजव्या डोळ्याला डॉक्टरांनी हात लावला नाही. तो गेलेलाच होता. डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीक खिडकी पाडून आतलं पाणी निघायला वाट करायची, असं ऑपरेशन ठरलं. गेलेलं परत येणार नाही, हे सर्जननं दोनदा बजावलं. ऑपरेशनआधी सगळ्यांचं रक्त तपासतात, त्यात एचआयव्हीची पट्टीही असते. यज्ञेश्वर जन्मात पहिल्यांदा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसला. तिथल्या पोरसवदा टेक्निशियननं पट्टी उजेडात धरली, स्वतः बघितली, लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली. त्याला काहीही विचारलं नाही. "कामात चोख होता," असं यज्ञेश्वर मला म्हणाला.

ललिताच्या मुलीलाही मुंबईला औषधं सुरू झाली होती. मंजुळाबाईंनी सुनेला घरातून काढलं नाही. पोरगी त्यांच्याशिवाय कुणाच्या हातून औषध घेत नव्हती, म्हणून दर फेरीला त्याच बरोबर जायच्या.

ऑपरेशन यशस्वी झालं, तसं कागदावर लिहिलेलं आहे. डोळ्यातला दाब उतरला. यज्ञेश्वरला आधी दिसायचं तेवढंच आता दिसतं. दवाखान्यात त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. ललिताची मुलगी यज्ञेश्वरच्या डोळ्यावरची पट्टी सुटायच्या आदल्या दिवशी वारली.