अपुरा दिलेला माउस

या सदरात लोक पिंपळाखालचे आवाज आणि बंद खोलीतली पावलं लिहितात, आणि मी ते जेवताना वाचून हसत आलो आहे. मी वरठीजवळच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. लाइट गेली की फ्यूज बघायचा, देव आठवायचा नाही, एवढंच आम्हाला शिकवलेलं. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतो आहे... तरी लिहितो. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

आमचं गाव आंधळगाव, तालुका मोहाडी. माझा धाकटा भाऊ नरेश याचं चौकात फ्लेक्स-बॅनर आणि लग्नपत्रिकांचं दुकान होतं. एक खोली, एक कम्प्युटर आणि एक वायरलेस माउस, ज्याच्यावर साहेबांचा भारी जीव. दुकान बंद करताना माउसमधला सेल काढून शर्टाच्या खिशात टाकायचा. मी चिडवायचो, "अबे, सेल आहे का सोन्याची अंगठी?"

"दादा, असा जपला तर वर्षभर चालते. तुले काय समजते?"

रेंजचं मात्र कायम रडगाणं. डब्यावर दहा मीटर छापलेलं, पण माउस घेऊन हा समोरच्या चहाटपरीपर्यंत गेला की स्क्रीनवरचा बाण जागचा हलत नसे. मग तिथूनच कंपनीला शिव्या.

मागच्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत नरेश गेला. साधा ताप म्हणून अंगावर काढला, मग भंडाऱ्याला नेला, आणि तिथून परत आणला तो गाडीत झोपवूनच. लग्न व्हायचं होतं अजून. आई रडलीसुद्धा नाही, नुसती त्याच्या पायाशी बसून राहिली.

आमच्यात मयताला माती देतात, आणि सोबत त्याच्या आवडीची एखादी वस्तू ठेवतात. आजोबांसोबत अडकित्ता ठेवला होता. नरेशसाठी आईने माउस मागितला. मी दुकानातून आणला. करडी गावचे मामा तिथे होते, त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "याच्यात सेल नाही ना बे. अपुरी वस्तू देत नसतेत. बिडी देली तर माचिसही द्या लागते. नाहीतर माणूस अटकून राह्यते."

मी नवा सेल टाकला. चालतो की नाही बघायला खालचा स्विच दाबला, लाल लाइट लागला. आणि तसाच, चालू ठेवून, त्याच्या हाताखाली दिला. स्विच बंद करायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. तलावाच्या पाळीवर, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आमची मातीची जागा आहे. तिथे तो गेला.

तेरवीनंतर लोकांची अर्धवट कामं पुरी करायला मी सुट्टीच्या दिवशी दुकानात बसू लागलो. वायरवाला साधा माउस आणला. एका रविवारी दुपारी पत्रिकेतलं नाव बदलत होतो. चहा घ्यायला हात उचलला आणि बाण आपोआप सरकला. सावकाश खालच्या उजव्या कोपऱ्यात गेला आणि तिथे लहान लहान गोल फिरू लागला.

मी आधी नव्या माउसला दोष दिला. त्याची वायर काढली — बाण फिरतोच आहे. कम्प्युटर बंद करून चालू केला. तेच! मग कोपऱ्यातल्या एका चिन्हाकडे लक्ष गेलं. वायरलेस माउस जोडलेला आहे का आणि सेल किती उरला, हे त्यात दिसायचं. माउस जोडलेला होता. सेल पूर्ण भरलेला होता.

मी टेबलाखाली वाकून कम्प्युटरची मागची बाजू चाचपली. माउसचा रिसीव्हर, नखाएवढा तो तुकडा, तिथेच खोचलेला. काढला, बाण थांबला. लावला, पुन्हा फिरू लागला. शेजारी कोणाकडे तसला माउस आहे का, ते जाऊन विचारून आलो. नव्हता. रिसीव्हर काढून खिशात टाकायला हवा होता, पण माझ्याने होईना. मी शटर ओढलं आणि आत बसून ढसाढसा रडलो.

आईला सांगणार नव्हतोच. पण एकदा ती डबा घेऊन आली आणि तिने स्क्रीन पाहिली. डबा खाली ठेवून जवळ आली.

"हा तं नरेश होय."

"आई, काहीतरी बिघाड आहे त्याच्यात."

"कायचा बिघाड? जेवताना इचार करे तं ताटात असंच बोट फिरवत नव्हता काय? किती ओरडली मी त्याले!"

खरं होतं ते. भात चिवडत, बोटाने गोल काढत बसायची त्याची सवय मी विसरलो होतो.

त्या दिवसापासून आई रोज दुकानात. सकाळी येऊन स्टुलावर बसायची ती मी ड्यूटीवरून परतल्यावर उठवेपर्यंत. बाणाशी बोलायची. धानाची रोवणी झाली रे बाबू, मामाची गाय व्याली, तलावात शिंगाड्याचे वेल पसरले. तिचं जेवण सुटलं, शेतावर जाणं सुटलं. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टर म्हणाले, हिला काही रोग नाही, हिला तिथून उठवा. कसं उठवणार? एक मुलगा गेलाच होता, आता आईही त्याच वाटेने चालली होती आणि मी तिला रोज सायकलवर बसवून दुकानात सोडत होतो.

वर्ष होत आलं तसं कोपऱ्यातलं चिन्ह लाल झालं. सेल संपत आला होता. बाणही अडखळू लागला, अर्धा गोल काढून थांबायचा. मी वेड्यासारखा नवा सेल विकत आणला. पाळीवर जाऊन माती उकरायची, एवढ्यापर्यंत माझी मजल गेली होती. फ्यूज बघणारा माणूस मी! शेवटी सेल संपत आल्याचं आईलाच सांगितलं.

तिने अडखळणाऱ्या बाणाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तो तिकडे पाळीवर, अन् हे इकडे फिरते. कायच्यानं?"

मी तिला कम्प्युटरच्या मागे खोचलेला तो तुकडा दाखवला. "याच्यानं. हा त्या माउसचाच जोडीदार आहे. दोन्ही मिळून एक वस्तू."

"अन् हा इथंच राह्यला?"

"हो."

आई तुकड्याकडे बघत राहिली. "म्हंजे आपण अपुरीच देली रे. अर्धी त्याच्यापाशी, अर्धी इथं. अन् मी रोज येऊन बसून राह्यली त्याच्यासमोर. कसा जाईल तो?"

"आई, नवा सेल टाकू. अजून वर्षभर..."

"नाही." तिने माझा हात धरला. "थकला आहे पोरगा. दिसून नाही राह्यलं काय तुले?"

मला ते सहन होईना, मी तोंड फिरवलं. आईने पदर सावरला, स्क्रीनवर जिथे बाण होता तिथे बोट टेकवलं आणि त्याच्यासोबत एक गोल पुरा केला. "जाय बाबू," म्हणाली. मग खाली वाकून स्वतःच्या हाताने रिसीव्हर ओढून काढला.

ऊन होतं तोवरच आम्ही पाळीवर गेलो. आईने हातानेच माती उकरली, तुकडा ठेवला, वर माती सारखी केली. घरी येऊन तिने ताट वाढून घेतलं आणि पहिल्यांदा पोटभर जेवली. आता ती शेतावर जाते. दुकान मी भाड्याने दिलं आहे, तो कम्प्युटर नीट चालतो, बाण कधी आपला आपण हलत नाही.

मी बरंच वाचलं, कारखान्यातल्या इंजिनिअर लोकांना आडून आडून विचारलं. चहाटपरीपर्यंत न पोचणारी रेंज अख्खं गाव ओलांडून कशी आली, मातीखाली माउस कोण हलवत होतं, सतत चालू माउसचा सेल वर्षभर कसा पुरला — कोणाकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. एवढंच समजतं की सेल आपोआप संपू दिला असता, तर मी एखाद्या दिवशी जाऊन नवा टाकलाच असता. आईने सेल संपायच्या आधीच नरेशला सोडलं. तो आणलेला सेल अजून माझ्या शर्टाच्या खिशात असतो, आणि रोज घरी आलो की काढून ठेवतो.